दोन काउंटरचा एक नंबर

माझ्या हातानं लिहिलेल्या एका ओळीनं माझ्या बहिणीचे आठ महिने खाल्ले. आता सांगतोच आहे तर पूर्ण ऐका, मधात बोलू नका.

मी प्रेमानंद. प्रताप नगरातल्या एका खाजगी लॅबसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. तिथं काउंटरवर एक छोटी मशीन असते. पेशंट आला की ती स्टिकर छापते, स्टिकर बाटलीवर चिकटते, अन् स्टिकरवरच्या नंबरावरून निकाल शोधला जातो. नंबर म्हणजे यूयूआयडी. छत्तीस अक्षरांचा, साऱ्या जगात तसा दुसरा निघणार नाही असा. मी हे लोकांले छाती फुगवून सांगायचो. "नावं सारखी असतात, जन्मतारखा सारख्या असतात, आपला नंबर नाही!" मोठा आला शहाणा.

पहिल्यांदा मी ते नीटच केलं होतं. नंबर बनवायले लागणारे आकडे मशीनच्या सिस्टिमकडून मागून घ्यायचो, कोणालेच अंदाज लागणार नाही असे. पण मशीन होती गरीब. सकाळी चालू केली की तसे आकडे गोळा करायले तिले दोन मिनिटं लागायची. तेवढा वेळ स्क्रीन कोरी, अन् समोर शुगर तपासायले उपाशीपोटी आलेले म्हातारे. लॅबचे मालक मधुकरराव रोज फोन करायचे. "काय गा, तुझी मशीन झोपली काय? लोकं मले शिव्या देऊन राहिले."

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. ती ओळ काढली अन् दुसरी टाकली: मशीन चालू होताना घड्याळात जो सेकंद असेल, त्याच्यावरून आकडे काढायचे. कॉलेजातलं पोरगंही लिहिते अशी ओळ. तिची खोड एकच, सुरुवातीचा सेकंद सारखा असला तर पुढचे सगळे नंबर सारखे निघतात. मले माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. वर शेराही मारला, 'तात्पुरतं, नंतर बदलणे'. पण मशीन एकच, टक्कर होणार कोणाशी? ती फटकन चालू व्हायले लागली. मधुकररावांनी खुश होऊन आलूबोंडे मागवले, अन् मी ते खाल्ले.

दोन वर्षांनी लॅबनं दुसरं काउंटर उघडलं. दुसरी मशीन, तोच प्रोग्राम, तोच शेरा. काउंटरवरची प्रीती पहिली मशीन आठले चालू करायची अन् दुसरी नऊले, गर्दी वाढली की. म्हणून कित्येक महिने काही झालं नाही.

मग मे महिना आला. भावनाताईच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरनं गाठीतला तुकडा काढून बाटलीत दिला, कुठंही तपासा म्हणाला. मीच म्हणलं, "आपल्याच लॅबमध्ये दे वं ताई, मशीन माझी आहे." ती गेली त्या सकाळी लाईन गेली होती. इन्व्हर्टरही बसला. ताई दोन घंटे बाकावर पदरानं वारा घेत बसली, बाटली मांडीवर धरून.

लाईन आली. दोन्ही मशीना आपोआप एकाच सेकंदाले चालू झाल्या. एक नंबरच्या काउंटरवर पहिली ताई. दोन नंबरच्या काउंटरवर पहिली भिवापूरहून आलेली तुळसाबाई, तिच्याही हातात तशीच बाटली. दोघींच्या बाटल्यांवर एकच नंबर चिकटला. तेवढ्यात दुसऱ्या मशीनचा कागद अडकला, प्रीतीनं ती बंद करून पुन्हा चालू केली, म्हणून पुढचे नंबर वेगळे पडले. नाहीतर त्याच दिवशी बोंब झाली असती अन् ताई वाचली असती.

चार दिवसांनी त्या नंबरावर ताईचा निकाल चढला: कॅन्सर. दहा मिनिटांनी त्याच नंबरावर तुळसाबाईचा चढला: काही नाही. नवा निकाल आला की जुना पुसायचा, हेही मीच लिहिलं होतं, लॅबच्या डॉक्टरनं निकाल दुरुस्त केला तर नवाच राहावा म्हणून. कागदावर नाव पावतीवरून यायचं अन् निकाल नंबरावरून. ताईच्या नावाचा कागद साफ निघाला.

डॉक्टरले तो पटला नाही. "पुन्हा एकदा तपासून घ्या," म्हणाला. ताईनं मले विचारलं, "तुले काय वाटते गा?"

मी हसलो. "अवं, त्याले त्याचं दुकान चालवायचं आहे. मशीन चुकत नाही."

जानेवारीत तिची कंबर दुखायले लागली. आजार हाडांत गेला होता. काही महिने राहिले, असं डॉक्टरनं मले बाहेर नेऊन सांगितलं. मी तडक लॅबमध्ये गेलो अन् मे महिन्याच्या नोंदी उघडल्या. एक नंबर, दोन नावं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ तिथंच बदलली. काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला.

दवाखान्यात ताई उशीले टेकून बसली होती. मले पाहून म्हणाली, "तोंड काहून असं केलं? चूक माझीच आहे. डॉक्टर सांगत होता, मीच ऐकलं नाही."

हे मले सहन झालं नाही. मी सारं सांगितलं, लाईन गेली तिथपासून शेऱ्यापर्यंत. रडत सांगितलं. तिले त्यातलं किती समजलं कोणास ठाऊक.

"ती पहिली ओळ तशीच ठेवली असती, तर काय झालं असतं?" तिनं विचारलं.

"मशीन दोन मिनिटं उशिरा चालू झाली असती."



"मी दोन घंटे बसली होती गा त्या बाकावर," ती म्हणाली. "अजून दोन मिनिटं बसली असती."