मेटची शेवटची उडी

अडतीस वर्षांची बाई, लहानपणीच्या घरालाच लागून स्वतःचं गोठवलेल्या मासळीचं दुकान, तीन फ्रीझर, गल्लीत जिच्याशी भाव करायला माणसं दोनदा विचार करतात अशी ही सेर्वा, गेले तीन आठवडे रोज दुपारी दार लावून टीव्हीपुढे मांडी घालून बसत होती आणि मरत होती. पहिल्या खड्ड्यात मरत होती, दुसऱ्या खड्ड्यात मरत होती, पक्षी अंगावर आला की किंचाळून मरत होती. उजव्या अंगठ्याला फोड आला तेव्हा तिने गिऱ्हाइकांना सांगितलं की मासा साफ करताना काटा लागला. आता तेवढं खोटं बोलावंच लागतं. घानातल्या या कुमासीच्या भर बाजारात कोणती शहाणी बाई सांगेल की व्हिडिओ गेम खेळून अंगठा सुजला?

गेम जुना होता. लहानपणी घरात एकच कॅसेट होती, पिवळी, वर चिनी अक्षरं. गेमचं नाव काय, ते कुणालाच कधी कळलं नाही. त्यातला बुटका माणूस डोक्याला टोपी आणि कमरेला पिशवी लावून चालत्या गाड्यांवरून उड्या मारायचा, म्हणून सेर्वाने आणि तिच्या मोठ्या भावाने त्याचं नाव ठेवलं होतं मेट. मिनीबसच्या दाराला लोंबकळत गावांची नावं ओरडणारा असतो ना, तो मेट. आठ स्टेज होत्या. आठवीत शेवटी मगरींनी भरलेली नदी आणि तिच्यावर तरंगणारा एकच दगड. तो दगड काही गल्लीतल्या एकाही पोराला कधी पार झाला नाही. बनवणाऱ्याने तो भल्या मनाने बनवलाच नव्हता.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण काय? कारण सेर्वाच्या पोटात सत्तावीस वर्षं एक गोष्ट बसली होती.

अठ्ठ्याण्णव साल. धरणात पाणी नव्हतं, त्यामुळे लाइट पाळीपाळीने यायची आणि पाळी सोडूनही जायची. भाऊ, ओपोकू, पंधरा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केप कोस्टच्या बोर्डिंगला निघणार होता. खाऊचा लाकडी चॉप बॉक्स भरून तयार होता, त्यात कसाव्याच्या रव्याची, म्हणजे गारीची पिशवी, सार्डिनचे डबे आणि आईने केलेली शितो चटणी. आणि बाकावर बसून ओपोकू आयुष्यात पहिल्यांदा आठव्या स्टेजच्या त्या दगडापर्यंत पोहोचला होता. शेजारी अकरा वर्षांची सेर्वा दुसरा रिमोट हातात घेऊन जीव तोडून बटणं दाबत होती, कारण दादाने सांगितलं होतं की पक्षी तू सांभाळ, मेटला मी सांभाळतो. सहा महिने ती पक्षी सांभाळत होती. त्या संध्याकाळी खाली पडलेला शेंगदाणा उचलायला ती वाकली आणि तिला बाकाखाली आपल्या रिमोटची वायर दिसली. वायरचं दुसरं टोक मोकळं होतं. सहा महिने मोकळंच होतं.

ती उठली, व्हरांड्यात गेली, मीटरखालचा लोखंडी खटका दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

आत ओपोकू रडला. पंधरा वर्षांचा घोडा, ओक्साबोक्शी. सेर्वाने त्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तिला वाटलं होतं त्याच्या उलट झालं, तिला जराही बरं वाटलं नाही. आईने विजेच्या लोकांना चार शिव्या घातल्या. सकाळी भाऊ सुजलेले डोळे घेऊन बसमध्ये चढला. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, मयत असो, चार माणसं जमली की त्याचं एकच पालुपद. "त्या दिवशी लाइट गेली नसती ना..." आणि सेर्वा मूग गिळून बसायची. पापाचं परिमार्जन म्हणून तीन वर्षं, तो सुट्टीला आला की दर रविवारी कांडलेल्या कसाव्याच्या फुफूबरोबरच्या सूपमधला स्वतःच्या वाटणीचा मांसाचा तुकडा ती गुपचूप त्याच्या वाटीत टाकायची. तो म्हणायचा, "माझ्या बहिणीसारखी बहीण नाही." ती मान खाली घालून फुफूचा गोळा मोडत राहायची.

आता मामांच्या अंत्यविधीसाठी ओपोकू अक्राहून येणार होता. सेर्वाने माळ्यावरचा खोका काढला, गॅरेजच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या मास्टरकडून मशीन दुरुस्त करून घेतलं, आणि मनाशी पक्कं ठरवलं. दादाने गेम जिंकायचा. जिंकला की त्याच आनंदात त्याला खरं सांगून टाकायचं. म्हणून तर हा सराव. तो अडला तर सांगता आलं पाहिजे की उडी कुठून मारायची.

शनिवारी मामांना रीतसर पोहोचवलं. रविवारी चर्चमधली आभारप्रार्थना आटोपून सगळे पांढऱ्या-काळ्या कपड्यांत घरी आले. अंगणात मांडवाखाली जेवणं चालली होती. सेर्वाने भावाला हाताला धरून आत नेलं आणि टीव्हीवरचा रुमाल काढला.

ओपोकू आता शाळेचा उपमुख्याध्यापक होता. पोट सुटलेलं, चालणं सावकाश, खांद्यावरून घेतलेलं आठ वारांचं कापड. तो पिवळ्या कॅसेटकडे बघतच राहिला.

"सेर्वा, हा अजून जिवंत आहे?"

"तुझीच वाट बघत होता. बस."

त्याची बारा वर्षांची मुलगी न्हिरा मागोमाग आली. "बाबा, हाच का तो गेम? लाइट गेली नसती तर वाला?"

"हाच. आता बघ तुझा बाप काय चीज आहे ते."

बाप पहिल्याच खड्ड्यात पडला. न्हिरा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"हात बसायला वेळ लागतो," ओपोकू म्हणाला.

"हो, सत्तावीस वर्षं लागतात."

त्यातून ते कापड. मेटने उडी मारली की ओपोकूचाही खांदा उडायचा आणि कापड घसरून मांडीवर यायचं. एका हाताने कापड सावरावं तर मेट मरायचा, मेटला सावरावं तर उपमुख्याध्यापक उघडे पडायचे. शेवटी सेर्वाने कापडाचं टोक त्याच्या मानेमागे घट्ट गाठ मारून बांधलं, लहान पोरांना जेवताना बांधतात तसं. मग मात्र गाडी सुरळीत चालायला लागली. तिसऱ्या स्टेजपर्यंत अंगठ्याला जुनी ओळख पटली. पाचव्या स्टेजला न्हिराने हसणं बंद केलं. सातव्या स्टेजला ती बाकाच्या टोकावर येऊन बसली.

"वाक आधी," सेर्वा पुटपुटली. "वाकून मग उडी."

"तुला गं काय माहीत?"

"असंच. वाटलं."

पावणेतीन तासांनी मेट नदीकाठी उभा राहिला. एकच जीव शिल्लक होता. ओपोकूने पॉज दाबला आणि कपाळ पुसलं.

"थांबा, थांबा, उडी मारू नका!" न्हिरा उठली. "मी सगळ्यांना बोलावते. नाहीतर उद्या कोण विश्वास ठेवणार?" आणि ती अंगणात पळाली.

खोलीत दोघंच उरली. जिंकल्यावर सांगायचं ठरलं होतं, पण त्या दगडाकडे बघून सेर्वाला समजलं की हा जिंकला नाही तर आपण हे कधीच सांगणार नाही, आपल्याबरोबरच मातीत जाईल.

"दादा, त्या दिवशी लाइट गेली नव्हती."

तो पडद्याकडेच बघत होता.

"मी घालवली. खटका मी ओढला. तू मला वायर न जोडलेला रिमोट दिला होतास म्हणून."

"माहीत आहे," ओपोकू म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तूच ओढलास ते. अगं, लाइट गेली की गल्ली कशी ओरडते? 'ओऽऽऽ' म्हणून लांबपर्यंत. त्या दिवशी कोणी ओरडलंच नाही. शेजारची मक्याची गिरणी घरघर चालूच होती. ती काय रॉकेलवर चालायची?"

सेर्वा बाकावर त्याच्याजवळ सरकली. "म्हणजे तेव्हापासून तुला..."

"त्याच मिनिटाला."

"मग बोलला का नाहीस?"

ओपोकूने दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "कारण मेट हवेत होता. मी उडी आधीच मारली होती, घाईत. तो दगडावर नाही, सरळ मगरीच्या तोंडात चालला होता. शेवटचा जीव होता. सहा महिने गल्लीला सांगत होतो, जायच्या आधी जिंकणार, जिंकणार. आणि इतक्यात पडदा काळा! तू मला वाचवलंस, सेर्वा."

"तू रडलास!"

"हरलो म्हणून रडलो. रडता रडता लक्षात आलं की हरलेलं कुणी पाहिलंच नाही."

मग सत्तावीस वर्षं एकदम तिच्या तोंडाशी आली.

"आणि मांस? तीन वर्षं माझं मांस खाल्लंस! सगळं माहीत असून!"

"तू आपणहून वाढत होतीस."

"मी पापाने पोखरून निघत होते, गाढवा!"

"मला वाटलं, मायेने वाढतेस."

"खोटं बोलू नकोस!"

"बरं, नाही वाटलं. पण सेर्वा, आईचं ते सूप... नको कसं म्हणायचं, सांग?"

त्याने हे इतक्या गरीब तोंडाने विचारलं की तिला हसू फुटलं. तिने त्याला पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. धपाटा खरा होता आणि हसूही खरं होतं. सत्तावीस वर्षांचं ओझं गेलं, आणि तेही या लबाडाने आधीच उतरवून ठेवलेलं, याचा राग किती करावा आणि आनंद किती, तेच तिला कळेना.

तेवढ्यात दार उघडलं. न्हिराने अंगणच उचलून आणलं होतं. अफ्रियी मावशी सगळ्यांत पुढे, हातात कोंबडीची तंगडी, मागे खुर्च्या घेतलेले चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरं.

"हाच का तो दगड?" मावशी ऐसपैस बसत म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतेय मेली कथा. मार बाबा उडी एकदाची, मरायच्या आधी बघू दे."

"बाबा, सगळे आले," न्हिरा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. मघाचं सगळं हसणं विसरून ती आता पुरती बापाच्या बाजूची झाली होती.

ओपोकूने रिमोट उचलला. त्याने लेकीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मानेमागे गाठ बांधलेला, घामाघूम, बेचाळीस वर्षांचा तो चेहरा एकदम पंधरा वर्षांचा झाला. सेर्वाने तो चेहरा ओळखला.

"तुमचं चालू द्या," ती उठत म्हणाली. "मी जरा फ्रीझर बघून येते."

"आत्ता?" मावशी ओरडली. "आत्ता कसला फ्रीझर?"

"जाऊ दे तिला, मावशी," ओपोकू घाईघाईने म्हणाला. "मासळी आहे. खराब होते."

व्हरांड्यात मीटर नवा होता, पण त्याच्या खालचा लोखंडी खटका तोच. सेर्वाने त्यावर हात ठेवला आणि खिडकीच्या काचपट्ट्यांतून आत पाहिलं. दगड पुढे आला. वाक, ती मनात म्हणाली, आधी वाक. जमेल तुला. तिला खरोखर वाटत होतं की जमावं. ओपोकूचा खांदा उडाला. तीन आठवडे त्याच नदीत मेलेल्या बाईला एका नजरेत समजलं की उडी आधी मारली आहे.

मासळीवालीने, भर दुपारी, फ्रीझर भरलेले असताना, स्वतःच्या हाताने लाइट घालवली.

आत एकच गलका उडाला. "अरेऽ! गेली! आत्ताच जायची होती?" आणि सगळ्यांच्या वर ओपोकूचा आवाज, "बघितलंत? बघितलंत ना? दगडाला पाय लागतच होता!"

मग न्हिराचा आवाज आला. अक्राच्या पोरी भलत्या हुशार. "पण बाबा, बाहेर कुणी ओरडलं कसं नाही..."

सेर्वाने गल्लीकडे पाहिलं. गल्ली शांत. समोरच्या घरात पंखा गरगर फिरत होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ज्या आवाजात ती बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला मासे विकते त्या आवाजात, सगळ्या गल्लीच्या वाटचं एकटीनेच ओरडली, "ओऽऽऽऽ! लाइट गेलीऽऽऽ!"

समोरची बाई दारात आली, वर आपल्या फिरत्या पंख्याकडे बघितलं, मग सेर्वाकडे बघितलं. सेर्वाने तिला हात जोडले.

संध्याकाळी मांडवात फुफूचं जेवण होतं. लाइट, कशी कोण जाणे, दहा मिनिटांतच परत आली होती. ओपोकू मावशीला आणि चुलतभावांना हात हलवून हलवून सांगत होता, "आता तर तुमच्या डोळ्यांदेखत झालं! सेकंदाचा फरक, मावशी! लाइट गेली नसती ना..."

सेर्वाने आपली सूपची वाटी हळूच त्याच्या पुढ्यात सरकवली. बोलणं न थांबवता, तिच्याकडे न बघता, ओपोकूने आपल्या वाटीतला सगळ्यांत मोठा मांसाचा तुकडा उचलला आणि तिच्या वाटीत ठेवला.