दस्ती टाकून धरलेली जागा

बोरी अरबच्या मारोतराव भगतांचा धंदा विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचा, पण पंचक्रोशीत नाव झालं ते भलत्याच कलेनं. दारव्ह्याच्या स्टँडवर एसटी वळण घेत असतानाच ते खिडकीतून दस्ती आत फेकायचे. गाडी थांबेपर्यंत दोन सीटा त्यांच्या. वीतभर फडकं ते, पण त्याच्यावर बसायची कोणाची टाप नव्हती. उभ्या जन्मात उभं राहून प्रवास केला नाही, हे ते मयतीला गेले तरी सांगत. असा हा पराक्रमी पुरुष साठीला आल्यावर ऑस्ट्रेलियाला गेला. तिथं त्याची जी शोभा झाली ती ऐकाच, हल्ली तर ते स्वतःच सांगत फिरतात.

लेक साधना तिकडे नर्स. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरनं तिचा प्रवास बंद केला, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं. सिडनीत उतरल्यावर पुढे तिच्या गावापर्यंत लहान विमान होतं. पण पहिल्या विमानातच मारोतरावांनी अशी काही खुर्ची आवळून धरली होती की हाताला वळ उठले. "आता विमान बस झालं," ते म्हणाले, "रेल्वेनं जाऊ, देशही पाहून होईल." बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, मान डोलावली. तीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

देश पाहून झाला. आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला आणि दुपार कलताना गाडी एका एवढ्याशा गावात थांबली ती थांबलीच. एक रस्ता, टिनाच्या ओसरीचं एक हॉटेल, धान्याच्या दोन उंच टाक्या आणि स्टेशन. पुढे रूळ पाण्याखाली गेले होते. दोन दिवस तरी गाडी हलणार नाही असं कोणीतरी सांगून गेलं आणि लोक निमूट उतरले. एकानंही आवाज चढवला नाही. मारोतरावांना त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात साधनाचा फोन आला. बाळाचे ठोके कमी-जास्त होत होते, डॉक्टर उद्या सकाळीच ऑपरेशन करणार होते. जावई धम्मरत्न खाणीवर, तोही पुरात अडकलेला. "आई," साधना रडत होती, "मी रोज दुसऱ्या बायकांले धीर देते वं, पण मले एकटीले आत नाही जाता येत. तू ये." सत्यशीलाबाईंचा चेहरा एवढासा झाला. मारोतराव फोन घेऊन छाती काढून म्हणाले, "मी हावो नं. आणतोच तिले."

अंधार पडायच्या आधी निरोप आला की उंचावरच्या रस्त्यानं एक लहान बस साधनाच्या गावाकडे जाणार आहे. पिवळा रेनकोट घातलेली एक बाई स्टेशनच्या दारात उभी राहिली आणि तिच्यासमोर आपोआप रांग लागली. सत्यशीलाबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण रांग कळत होती. त्या पिशवी घेऊन तिसऱ्या नंबरावर जाऊन उभ्या राहिल्या.

इकडे बस वळण घेताना दिसली, आणि मारोतरावांच्या अंगात आलं. खिडक्या बंद काचेच्या, त्यामुळे फेकाफेकीची सोय नव्हती. डायव्हर सामानाचा कप्पा उघडायला मागे गेला तसे ते दारातून घुसले, एका सीटवर दस्ती पसरली, दुसरीवर टोपी ठेवली, आणि पावसात भिजत, विजयी मुद्रेनं परतले.

"चाल बाजूले. जागा धरली म्या."

"अवो, रांग हाय नं."

"ज्याले जागा धरता येत नाही त्यानं रांगेत राहावं. गर्दी चढू दे, आपून आरामात चढू."

आणि त्यांनी बायकोला हाताला धरून तिसऱ्या नंबरावरून बाहेर काढलं. रांग पुढे सरकत गेली. मारोतराव ओसरीखाली मिशीला पीळ देत ती गंमत पाहत राहिले.

सगळे चढल्यावर ते ऐटीत बसमध्ये गेले. त्यांच्या एका जागेवर एक म्हातारी, दुसरीवर तिचा म्हातारा. डायव्हरनं हसतमुखानं टोपी आणि घडी घातलेली दस्ती त्यांच्या हातात दिली. कोणाचं तरी विसरलेलं सापडलं म्हणून बिचारा खूश होता. कोणी भांडलं असतं तर मारोतराव पुरून उरले असते. इथं कोणाला भांडण आहे हेच ठाऊक नव्हतं.

रेनकोटवाल्या बाईनं एक बोट वर केलं. एकच जागा उरली होती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? मारोतरावांनी मान हलवली. "नो, नो. टू. टुगेदर." मग बायकोकडे वळून म्हणाले, "तुले एकटीले धाडू कसा? दारव्ह्याच्या पलीकडे कधी एकटी गेली तू? उद्याची पाहू. तोवर काही खोळंबत नाही."

सत्यशीलाबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. "खोळंबते," त्या म्हणाल्या. "बाजूले व्हा."

आणि त्या चढल्या. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हॉटेलच्या खोलीत मारोतरावांनी काळजी करायला घेतली. कुठं उतरायचं हे तिला कळेल का? चुकली तर विचारेल कोणाला? मग ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची आठवण झाली, आणि गोळ्या, कोरडे कपडे, मोबाईलचा चार्जर, सगळं सत्यशीलेच्या पिशवीत गेल्याचं ध्यानात आलं. नवऱ्याजवळ काय होतं? टोपी आणि दस्ती. हॉटेलवालीनं हातवारे पाहूनच चार्जर आणि स्वतःच्या नवऱ्याचा ढगळ पायजमा आणून दिला. एवढा खुळा, भैताड माणूस तिच्या हॉटेलात बहुधा पहिल्यांदाच उतरला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस चालूच होता. ते चहा घेऊन बसले असताना साधनाच्या फोनवरून सत्यशीलाबाई बोलल्या.

"पोट्टी झाली. दोघीही चांगल्या हाय."

मारोतरावांनी कप खाली ठेवला. "अन् तू? तू पोचली कशी?"

"बसनं. त्या म्हातारीनं दारापर्यंत आणून सोडलं. साधनाले आत नेऊन राह्यले होते. माझा हात धरला तिनं, मंग गेली मुकाट्यानं. लय कापत होतं वो लेकरू. अर्धा घंटा उशीर झाला असता तं..."

"माझं विचारलं का तिनं? बाबा काहून नाही आले म्हणून?"

"नाही," सत्यशीलाबाई सरळपणे म्हणाल्या. "ठेवते आता. कामात हावो."

तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं त्यांचा फोन कापला. मारोतराव त्या परक्या पायजम्यात बसून आधी हसले, नात झाली म्हणून हॉटेलवालीला खुणेनं सांगितलं, आणि ती अभिनंदन करायला जवळ आली तर एकदम रडायलाच लागले. तिला वाटलं, आनंदानं रडतो आहे. होताच तो आनंद. पण काल त्यांच्या बायकोनं आयुष्यात आणखी एकदा त्यांचं ऐकलं असतं, तर त्यांची लेक एकटी आत गेली असती.