बिडाच्या टोपातले पिठले

मित्रांनो, मी बिडाचा एक जुना टोप आहे. मला तीन आखूड पाय आहेत, वर तारेची कडी आहे आणि झाकण इतके जड की ते एका हाताने उचलवत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. हेमीच्या आजोबांनी मला विकत घेतले आणि मी शिकारीच्या तळावरचे भांडे झालो.

दर एप्रिलमध्ये हेमी आणि त्याचा धाकटा भाऊ राविरी मला ट्रकमध्ये घालून कायमानावाच्या डोंगरात नेत. पहिल्या हरणाची कलेजी माझ्यात कांद्यावर परतली जाई. राविरी माझ्यात पाव भाजायचा. तो खालून हमखास करपे. करपलेला भाग राविरी स्वतः खाई आणि मऊ भाग भावाला देई. माझी सगळे स्तुती करत, आणि मला ती आवडे.

हेमी शहरातल्या ओटाहुहू या वस्तीत राहायचा. त्याच्या शेजारी देवदत्त नावाचा फार्मासिस्ट होता. त्याची आई वारल्यावर त्याचे वडील दीनानाथ मेळघाटातून त्याच्याकडे राहायला आले. तिथल्या जंगलखात्याच्या विश्रामगृहात त्यांनी चौतीस वर्षे खानसाम्याचे काम केले होते. इथे दिवसभर घर रिकामे असे आणि ते कुंपणाशी उभे राहत. २००५ साली हेमीने त्या बापलेकांना तळावर बोलावले. दीनानाथ म्हणाले की बंदूक काही धरणार नाही, चूल मात्र सांभाळीन.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खोबरे भाजून हरणाचा रस्सा केला. सगळ्यांना वाढले आणि स्वतःचे ताट घेऊन लाकडांच्या ढिगाआड बसले. साहेबलोकांच्या पंगतीला ते कधी बसलेच नव्हते. राविरी आपले ताट उचलून त्यांच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसला. तो त्यांना ‘मातुआ’ म्हणू लागला. वडीलधाऱ्या माणसाला इकडे तसे म्हणतात.

तिसऱ्या दिवशी राविरी शिकारीसाठी ओढ्यापलीकडे गेला. वर डोंगरात पाऊस झाला आणि ओढ्याला लोंढा आला. राविरी परतला नाही. शोधपथक आले. दोन दिवस माझ्याखालचा विस्तव विझला नाही. येईल त्याला दीनानाथ गरम रस्सा-भात वाढत होते. हेमी मात्र काहीच खात नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी राविरी सापडला, बराच खाली, दगडांत अडकलेला. त्याला तळावर आणून तंबूत निजवले. धुके उतरले होते, त्यामुळे हेलिकॉप्टर दुपारपर्यंत येणार नव्हते. हेमी भावाच्या उशाशी बसला. मृताजवळ अन्न आणायचे नाही आणि त्याला एकटे सोडायचे नाही, अशी हेमीच्या लोकांची रीत होती.

दीनानाथांनी मला उचलून दूर झाडांखाली नेले. भजी करायला म्हणून त्यांनी बेसन आणले होते. मोहरी तडतडली, कांदा परतला, आणि माझ्यात पिठले रटरटू लागले. भात एका पत्र्याच्या डब्यात शिजला. मग ते तंबूच्या दाराशी गेले. ते मराठीत बोलत होते आणि देवदत्त इंग्रजीत सांगत होता.

“आमच्याकडे ज्याचं माणूस जातं, त्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात करून आणतात. आज शेजारी मीच आहे, बाळा.”

हेमी म्हणाला, “मी उठलो तर याच्याजवळ कोण बसेल?”

“मी बसतो. तू जेवून ये.”

हेमी उठला, ओढ्यावर हात धुतले आणि माझ्यापाशी आला. त्याने पहिला घास घेतला. देवदत्तने त्याला पाणी दिले. मग तो रडू लागला आणि रडतरडतच जेवला. तिकडे तंबूत दीनानाथ राविरीजवळ मांडी घालून बसले होते. हेमी परत येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

त्यानंतर हेमीने मला न धुताच गॅरेजमध्ये मागे सारले. पिठले माझ्या तळाशी वाळले, ओल धरली आणि मी गंजलो. चार वर्षे माझ्याकडे कुणी पाहिले नाही. त्या दिवसाबद्दल हेमी कुणाशीही बोलला नाही.

मग एकदा राविरीची बायको हुहाना त्याची हत्यारे न्यायला आली. तिला मी दिसलो. यात शेवटचे काय शिजले होते, असे तिने विचारले. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून हेमीने सगळे सांगितले. चार वर्षे ती एकाच विचाराने झुरत होती, की तिच्या माणसाचा देह तळावर होता तेव्हा त्याच्याजवळ भावाखेरीज आपले म्हणावे असे कुणीच नव्हते. ती कुंपणाशी गेली. दीनानाथ तिथेच उभे होते. त्यांना तिची भाषा नीट येत नव्हती. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणे आपले कपाळ व नाक त्यांच्या कपाळाला व नाकाला टेकवले.

त्याच दुपारी तिने मला वाळूने घासले, विस्तवावर सुकवले आणि चरबी चोळून घरी नेले.

मित्रांनो, बिडाचे भांडे ओले ठेवू नका. धुऊन लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि ज्या भांड्याकडे पाहून जीव गलबलतो, ते अडगळीत टाकू नका. गंज मला एकट्यालाच चढला नव्हता.