व्हर्जिल, लोर्ना आणि दोन बदली क्वार्टरबॅक

व्हर्जिल आणि लोर्ना स्टानेक यांचा घटस्फोट झाला तेव्हा घर लोर्नाकडे गेलं, ट्रक आणि कुत्रा व्हर्जिलकडे. टोलेडो स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सीझन तिकिटांपुढे मात्र दोन्ही वकिलांनी हात टेकले. नदीकाठच्या स्टेडियममधल्या, मैदानाच्या ऐन मध्यावरच्या दोन खुर्च्या. अशा खुर्च्यांसाठी लोक अर्धं आयुष्य नाव लावून वाट बघतात. दोघांपैकी कुणीच सोडेना. शेवटी एक तिकीट त्याला आणि एक तिला मिळालं. खुर्च्या अर्थातच शेजारीशेजारीच राहिल्या.

मी त्यांच्या बरोबर मागे बसते. माझं तिकीट मूळचं वडिलांचं, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. त्यामुळे या दोघांच्या पाठी मी फार वर्षं बघत आले आहे. घटस्फोटानंतरच्या पहिल्या मोसमात दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मग एका रविवारी पंचांनी आमच्यावर इतका उघड अन्याय केला, की दोघं एकदम उठून एकच शिवी एकाच दमात ओरडले. खाली बसल्यावर लोर्ना म्हणाली, "आंधळा आहे मेला." व्हर्जिल म्हणाला, "जन्मापासून." तेव्हापासून ते बोलायला लागले. फक्त फुटबॉलबद्दल. मुलं, तब्येत, घर यांतलं काही नाही. मॅच संपली की ती डावीकडच्या जिन्याने जायची, तो उजवीकडच्या.

गेल्या मोसमात तिसऱ्याच मॅचला आमचा क्वार्टरबॅक खांदा मोडून बाहेर गेला. संघाचा सगळा खेळ ज्याच्या हातातून सुरू होतो तोच गडी गेला, आणि मागे राहिले दोन बदली. एक नील फॅरागट, छत्तीस वर्षांचा, सावध, कुठल्याच संघात फार न टिकलेला. दुसरा ब्रॅक्स्टन ओडम, कॉलेजातून नुकता आलेला. त्याचा हात तोफेसारखा, पण गोळा कुठे पडेल ते त्यालाही ठाऊक नसायचं. कोच एका आठवड्याला याला उतरवायचा, दुसऱ्या आठवड्याला त्याला, आणि आम्ही न चुकता हरायचो.

व्हर्जिल फॅरागटच्या बाजूने. लोर्ना ओडमच्या.

"अगं, तो पोरगा बॉल समोरच्यांना वाढून देतोय!" व्हर्जिल म्हणायचा. "आज तीनदा दिला. जेवायलाच बोलावलंय जणू."

"निदान फेकतो तरी. तुझा फॅरागट बॉल छातीशी धरून उभा राहतो, आणि चार जण येऊन त्याला गाडतात."

"तो बघत असतो. मोकळा माणूस दिसेपर्यंत थांबतो."

"थांबतोच नुसता."

आमच्याच ओळीत टायरचं दुकान चालवणारा क्लीटस बसायचा. हातात कायम सॉसेजचा पाव, मिशीला मोहरी. तो मध्ये पडायचा, "माझं ऐका, दोघांनाही हाकला आणि मला उतरवा. माझा गुडघा गेलाय, पण हरायला गुडघा कशाला लागतो?"

"तू गप रे, मिशी पूस आधी," लोर्ना म्हणायची. आणि व्हर्जिल हसायचा. ती बोलली की तो ज्या तऱ्हेने हसायचा, ते मला मागून कानांवरूनसुद्धा कळायचं. त्याचे कान वर सरकायचे.

एकदा मॅचच्या आधी बाहेर पार्किंगमध्ये तो ट्रकच्या मागे शेगडीवर सॉसेज भाजत होता. मी सहज विचारलं, "व्हर्ज, फॅरागट तुला खरंच एवढा आवडतो?"

त्याने चिमट्याने सॉसेज उलटलं. "छे गं. टाकाऊ आहे तो."

"मग?"

"मी ओडमच्या बाजूने झालो तर ती माझ्याशी बोलेल कशावर?"

त्याने मला एक सॉसेज दिलं. आतून कच्चंच होतं.

डिसेंबरात ओळी रिकाम्या व्हायला लागल्या. शहराबाहेरच्या समुद्राएवढ्या तळ्यावरून येणारा वारा हाडं गोठवायचा, आणि हरणारा संघ बघायला एवढ्या थंडीत कोण येणार? पण ही दोघं यायची. तो नदीपलीकडच्या काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, ती शाळेच्या स्वयंपाकघरातून. त्यांचं लग्न का मोडलं ते मला लोर्नानेच कधीतरी सांगितलं होतं. तिला पायचं, म्हणजे आत सफरचंद-चेरी भरून भट्टीत भाजतात त्या गोड पदार्थाचं, दुकान काढायचं होतं. जागा बघून ठेवली होती, तळ्याकाठी, बंदराजवळ. व्हर्जिल दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. मग दुसरी बघितली, तीही गेली. "त्याने कधी नाही म्हटलं नाही," ती म्हणाली होती. "नाही म्हटला असता तर भांडता तरी आलं असतं."

शेवटच्या मॅचच्या आधीच्या रविवारी बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो. ती हातमोजे काढत म्हणाली, "घर विकलं मी."

"काय?"

"बहिणीकडे चाललेय, पार दक्षिणेत, सव्हानाला. तिथे तिचं छोटं हॉटेल आहे, पाय करायला माणूस हवंय तिला. तिकीटही परत करणार." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "त्याला माहीत नाही. मी सांगेन. तू नको बोलूस."

शेवटच्या मॅचला बर्फ पडत होता. फॅरागटने पूर्वार्धात काहीच केलं नाही. मध्यंतरानंतर कोचने ओडमला उतरवलं. लोर्नाने टाळ्या वाजवल्या, व्हर्जिलने नेहमीसारखा कपाळाला हात लावला.

"बघ हं आता," ती म्हणाली.

"बघतोय. समोरचे लोक ताटवाट्या घेऊन बसलेत."

ती हसली. मग हसू थांबवून, मैदानाकडेच बघत तिने त्याला सांगितलं. घर, सव्हाना, तिकीट, सगळं. बुधवारी निघणार होती.

व्हर्जिलच्या टोपीवर बर्फ साचत होता, त्याने झटकला नाही. मग त्याने विचारलं, "म्हणजे या खुर्चीवर कोण बसणार?"

मला पुढे वाकून त्याच्या पाठीत एक बुक्की घालावीशी वाटली. लोर्ना म्हणाली, "ते मला काय माहीत? रांगेत जो असेल तो," आणि तिने थर्मासमधून कॉफी ओतून घेतली. एकटीलाच.

खेळ चालू होता. ओडमने एक बॉल जमिनीवर मारला, एक प्रेक्षकांत भिरकावला. क्लीटस म्हणाला, "माझ्या दुकानाच्या दिशेने होता तो."

"लोर्ना," व्हर्जिल म्हणाला.

"काय?"

"जाऊ नकोस."

तिने कप गुडघ्यावर ठेवला. आवाज इतका खाली गेला की मला जेमतेम ऐकू आलं. "दहा-अकरा वर्षं शेजारी बसलास, व्हर्ज. दर रविवारी. आणि हे आज सांगतोस?"

"दर वेळी ठरवून यायचो."

"मग?"

"बोललो आणि तू उठून गेलीस तर... म्हणजे दुसरीकडे बसायला लागलीस तर. मग एवढंही राहिलं नसतं."

तेवढ्यात चारी बाजूंनी लोक उठले. असा गलका मोसमभरात कधी झाला नव्हता. ओडमने जवळजवळ अर्धं मैदान ओलांडून बॉल फेकला होता, आणि आमच्या माणसाने तो धावता धावता अलगद झेलून पार शेवटच्या रेषेपलीकडे नेला होता. क्लीटसने पाव हवेत उडवला. "बघितलंत? अरे, बघितलंत का?"

त्या दोघांनी बघितलं नव्हतं. सगळं स्टेडियम उभं होतं आणि ती दोघं तेवढी बसलेली. लोर्नाने हातमोजा काढून व्हर्जिलच्या टोपीवरचा बर्फ झटकला, मग त्याच्या भुवयांवरचाही.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "पायचं दुकानच समज, व्हर्ज. उशिरा का होईना."

"हो. तू जायलाच हवंस," तो म्हणाला.

त्या दिवशी दोघं उजवीकडच्याच जिन्याने खाली गेले. तिला ट्रककडे वळताना मी पाहिलं. बुधवारी त्यानेच तिला विमानतळावर सोडलं, हे मला नंतर क्लीटसकडून कळलं.

वसंतात व्हर्जिल सव्हानाला जाऊन आला. किराणा दुकानात भेटला तेव्हा मी विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे. उन्हाने लाल झालीय. लोक पायसाठी रांग लावतात." तो टोमॅटो निवडत राहिला. "म्हणाली, राहा हवं तर अजून आठवडाभर. राहिलो. मग म्हणाली, आता जा, कुत्रा वाट बघत असेल."

"परत जाणार?"

"बोलावलं तर."

सप्टेंबरात नवा मोसम सुरू झाला. लोर्नाच्या खुर्चीवर एक दाढीवाला शिक्षक आला, चांगला माणूस आहे, शांत बसतो. फॅरागट निवृत्त झाला. ओडम आता पहिल्या क्रमांकाचा झालाय आणि अजूनही बॉल वाढून देतोच.

परवा मध्यंतर होऊन बराच वेळ गेला, उत्तरार्ध सुरू झाला, तरी व्हर्जिल जागेवर आला नाही. मी कॉफी आणायला खाली गेले, तर तो जिन्याखाली, खांबाला टेकून, एका कानात बोट घालून फोनवर बोलत होता.

"नाही, नाही, चुकतेस तू! ओडमला काढायलाच हवं. तो नवा बदली आलाय ना, शांत डोक्याचा... काय? कोण म्हणतं थांबतो नुसता?"

त्याचे कान वर सरकले होते. मी शेजारून गेले तरी त्याला दिसले नाही. मग वर मैदानात काहीतरी झालं आणि सगळे ओरडले. तो बोलायचा थांबला. तिने पलीकडून काही विचारलं असावं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी मॅच बघत नाहीये. तू बोल."