वल्ह्याचा जोड

वल्हं मी तोडलं. गुरुवारी सकाळी अंगणात मोटरसायकल वळवताना मागचं चाक त्यावरून गेलं आणि मधल्या दांड्याचे दोन तुकडे झाले.

ते तिथं पडायलाच नको होतं. आमची पोरगी दीपमाला बेंबळा धरणावरून आली की माझी बायको नलू वल्हं पुसून ओसरीतल्या दोन खिळ्यांवर टांगायची. नलूला जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून वल्हं अंगणातल्या भिंतीला टेकून उभं असायचं, तिथून ते घसरलं होतं.

दीपमाला कयाक चालवते, म्हणजे एका माणसाची अरुंद नाव. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. मधला दांडा कार्बनचा, काळा, पोकळ, फार हलका. रविवारी धरणावर राज्याच्या संघाची निवड होती. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, जुनं वल्हं देतो. ते तिला माहीत होतं, जड आणि तिच्या हाताला लांब. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

मी राळेगावात तीस वर्षं दांडे बसवतो. कुऱ्हाडीचे, फावड्याचे. मी तिला म्हटलं, रविवारी तू ह्याच वल्ह्यानं जाशील.

रहेमान कूलरच्या फुटलेल्या टाक्या जोडतो. त्याच्याकडून दोन डब्यांतलं एकत्र कालवायचा गोंद आणि काचेच्या धाग्याचं कापड आणलं. त्यानं तुटका दांडा उलटसुलट करून पाहिला.

"उकंडाभाऊ, टिकलं त माझं नाव सांगजा. तुटलं त तुमचं."

शुक्रवारी दुपारी सावलीत बसलो. नळीच्या आत बसेल असा बांबूचा तुकडा तासला. दांडा तुटला होता उजव्या मुठीजवळ. तिथं दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं पॉलिश पेपरनं घासलं. कुठं लाल रंग लागला होता तोही काढला. गोंद कालवून बांबू आत सरकवला आणि दोन्ही तुकडे त्यावर आणले. मग एक डोळा मिटून पाहिलं. दांडा बसवायचा म्हणजे सरळ, हे हाताला माहीत आहे. आधी एक पातं दुसऱ्याच्या मानानं वाकडं वाटत होतं. चाकाखाली पिळलं असेल म्हणून मी दोन्ही पाती एका सपाटीत आणली. काम चांगलं झालं असं वाटलं.

तेवढ्यात दीपमाला आली.

"बाबा, पाती सपाट काहून केले?"

"मंग कसे पाह्यजे?"

"एक पाण्यात असते तवा दुसऱ्यानं हवा धरू नये. म्हणून ते फिरवलेलं असते. आईचे ठिपके एका रेषेत आणले का बरोबर येते."

नलूनं दोन्ही मुठींच्या जागी नेलपॉलिशचा एक-एक ठिपका लावला होता. मला माहीत नव्हतं. डावा ठिपका होता. उजवा मी घासून टाकला होता.

तिनं पॉलिश पेपर पाहिला, त्यावरची लाल भुकटी पाहिली, आणि आत निघून गेली.

मला तिच्या मागं जायचं होतं. पण बाहेर ऊन होतं, आणि उन्हाळ्यात तो गोंद अर्ध्या तासात दगड होतो. वीस मिनिटं झाली होती. मी जागेवरूनच हाक मारली.

"माय, तो ठिपका मी घालवला. आता ते माप तुह्याच हातात असन त असन. ये."

ती आली. डोळे पुसलेले होते. मी तिला स्टुलावर बसवलं, वल्हं हातात दिलं आणि डोळे मिटून नाव चालव म्हटलं. उजवी मूठ तिनं घट्ट धरली, डावी सैल. ती हवेत वल्हवत होती आणि मी डावं पातं थोडं थोडं फिरवत होतो. गोंद ओढ धरायला लागला होता.

"अजून. अजून थोडं. मागं. बस."

मी तिथं खडूनं खूण केली, पातं हलवलं आणि तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा खुणेवरच "बस" आलं. तिसऱ्यांदाही. मग नवा गोंद कालवून वरून कापडाचे तीन फेरे दिले, प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, त्यावर सायकलची ट्यूब ताणून बांधली आणि पुरतं वाळेपर्यंत दोन तास दोन्ही हातांनी धरून बसलो. तिनं पाणी पाजलं तेही तसंच प्यालो.

रविवारी मी धरणाच्या काठावर नलू बसायची तिथं बसलो. तिला पोहता येत नव्हतं. नाव लांब गेली की ती उठून उभी राहायची. मीही उभा राहिलो. चार जण घेणार होते. दीपमाला चौथी आली. सर दुसऱ्या पोरांची वेळ लिहीत होते तोवर मी जोडावरून नख फिरवून पाहिलं. कुठं अडलं नाही.

घरी आल्यावर तिनं पेटीतून नलूची नेलपॉलिशची बाटली काढली आणि जोडावर बोट ठेवलं.

"इथं लावा."

नलूचा ठिपका गोल होता. माझा पसरला. तो वाळेपर्यंत मी थांबलो, वल्हं पुसलं आणि खिळ्यांवर टांगलं.

सोमवारी रहेमानला सांगून आलो, टिकलं, आता तुझंच नाव सांगतो.