मला शिसारी आली त्या बोटांची

सन दोन हजार चोवीस, महिना जानेवारी, ऋतू हिवाळा. मी पुसदच्या एका घरातला पितळी करंडा बोलतो आहे. एका वाटीत हळद, दुसरीत कुंकू, असा मी संगीताच्या रुखवतात या घरी आलो.

तिचे यजमान चंद्रशेखर गेल्या वर्षी वारले. तेरावे उरकते न उरकते तोच तिच्या थोरल्या जाऊबाई हंसाबाईंनी मला उचलून स्वतःच्या कपाटात ठेवले. "तुले काय कामाचा आता?" एवढेच त्या म्हणाल्या. दुःखात बुडालेल्या माणसाची वस्तू लांबवण्याची ही रीत मला तेव्हाच ओंगळ वाटली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाचे लाडू संगीताने वळले. बायका ते मिटक्या मारत खात होत्या. हंसाबाईंची बोटे माझ्यात बुडत, कपाळामागून कपाळ रंगवत आली आणि संगीताला ओलांडून पुढे गेली.

"तू आत जाऊन बस ना वं," त्या सर्वांदेखत म्हणाल्या. "तुह्या पोरीचं लगन तोंडावर आलं. तिले हळद मीच लावीन. तुह्या हाताचा अपशकून कायले?"

"लाडू वळाले चालले न माहे हात?" संगीताने विचारले.

कोणी हसले, कोणी तोंडाला पदर लावला. लाडू मात्र एकीनेही ताटात परत ठेवला नाही. त्या चिकट, निगरगट्ट बोटांची मला शिसारी आली.

त्याच संध्याकाळी, मी अजून बैठकीतच पडलेला असताना, संगीताने लेकीच्या, प्रियंकाच्या, मोबाइलसमोर बसून घडले ते सांगितले. रडली नाही. "माही पोरगी, अन् तिले हळद लावाची मलेच मनाई," इतकेच. प्रियंकाने तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

गलिच्छ शेरे आलेच. परक्याची जखम उकरण्यास लोकांना सवड असते. पण महागावच्या एका अनोळखी विधवेने लिहिले, "ताई, तुमचं ऐकलं अन् आज मी पोराले ओवाळलं." संगीताने लेकीला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावले.

हंसाबाई हबकल्या. "काढ तो व्हिडिओ! राजूरच्या पाहुण्यायनं पाह्यला त लगन मोडलंच समज!"

पाहुण्यांनी तो पाहिलाच. प्रियंकाच्या होणाऱ्या सासूबाईंचा, रत्नप्रभाबाईंचा, फोन सर्वांनी ऐकला.

"विहीणबाई, व्हिडिओ काढू नका. माह्या विधवा सासूले मीबी आतच बसवत होती. काल तुमचं ऐकून म्हातारीले कुंकू लावलं, त तिनं माहा हातच सोडला नाही. पोरीले पह्यली हळद तुमचीच लागंन, नाहीतर आमी वरात आणत नाही!"

हळदीच्या दिवशी हंसाबाईंनी मला चौरंगावर मांडले आणि कोणाच्याशा मोबाइलकडे पाहून गोड हसत म्हटले, "आमच्या घरी हे असलं आम्ही कधी मानलंच नाही जी!"

याहून किळसवाणे वाक्य मी ऐकलेले नाही. वाचकहो, तुमच्यावर असे बेतले असेल तर चारचौघांत सांगा, माझी एवढीच विनंती. अशा माणसांना लाज वाटत नाही. लोक ऐकत आहेत, याची धास्ती तेवढी वाटते.

संगीता पुढे झाली. तिने माझ्यातली हळद घेतली आणि लेकीच्या गालाला लावली. अठरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस, रविवार. पहिली हळद कोणी लावायची, हा प्रश्न त्या दिवशी मिटला.