तीन लाख लोकांनी पाहिलेला जिना

मी जिना बोलतोय. हो, तोच, टीव्हीवरचा. ज्याच्याबद्दल कुणी लिहिलं 'अंगावर काटा आला', तर कुणी लिहिलं 'दवाखान्याचा जिना वाटतो'. तीन लाख लोकांनी मला पाहिलं म्हणे. त्यातल्या एकानेही माझ्यावर पाय ठेवलेला नाही, पण मत प्रत्येकाकडे आहे. असू दे. कित्येक महिने लोकांचं ऐकून घेतलं, आज माझं थोडं तुम्ही ऐका.

माझा जन्म या कोपऱ्यावरच्या दुमजली घरातच झाला. मला बांधणारा सुतार हाताचा चोख, पण भारी बडबड्या. बोलण्याच्या नादात त्याचं एक माप चुकलं आणि माझी पाचवी पायरी बोटभर उंच झाली. मालकाने विचारलं तर म्हणाला, "होईल सवय." झालीच. घरची माणसं पाचवीवर आपोआप पाय जरा जास्त उचलतात आणि पाहुणे तिथे हमखास ठेचकाळतात. घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे मला विचारावं लागत नाही.

आधी इथे एक घड्याळजी राहायचा. मग एक मास्तर आले, त्यांना पाच मुली. माझ्या कठड्यावरून घसरून घसरून त्या पाचजणींनी त्याला अशी चकाकी आणली की पॉलिशवाल्यानेही तोंडात बोट घालावं. आणि मग आले काका-काकू. वयाने काकू मला नातीसारखी, पण अख्खी गल्ली तिला काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो.

काका रस्त्यावर पट्टे मारायचे. रस्त्याच्या मधोमध पांढरी-पिवळी रेघ असते ना, ती ओढणाऱ्या टोळीत होते. काकू विणायची. स्वेटर, टोप्या, मोजे. वरच्या खोलीत भिंतभर कप्पे आणि कप्प्याकप्प्यांत लोकर, रंग लावून ठेवलेली. दिवसातून वीस वेळा ती माझ्यावरून खाली-वर करायची. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात लोकरीचा गुंडा. कठड्याला हात लावायची गरज तिला कधी पडली नाही.

एकदा दुपारी ती कप घेऊन उतरत होती आणि शेवटची पायरी तिला दिसलीच नाही. कप फुटला, ती सावरली. "चप्पल सटकली," ती म्हणाली. काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती.

पुढच्या सुट्टीला काकांनी कामावरचा उरलेला पिवळा रंग आणला आणि माझ्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पट्टा मारला. मला असा संताप आला म्हणून सांगू! इतकं जुनं, जाड लाकूड माझं, आणि त्यावर रस्त्याचा रंग. काकूही म्हणाली, "हे काय केलंत? घर आहे की चौक?" काका ब्रश धुता धुता म्हणाले, "उतरताना तुझं लक्ष नसतं." एवढंच. ते काय ते समजले होते, आणि ते समजलेत हे तिला समजलं. माझा संतापही त्या दिवशीच उतरला.

ती का लपवत होती, ते मी जाणतो. तिच्या आईचीही नजर अशीच हळूहळू गेली होती. घरच्यांनी प्रेमाने तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. "तू बस, आम्ही करतो." ती अकरा वर्षं बसली. नवीन लग्न झालं तेव्हा काकूने हे काकांना माझ्या वरच्या पायरीवर बसून सांगितलं होतं. म्हणाली होती, "तिला आंधळेपणाने नाही मारलं हो, त्या खुर्चीने मारलं." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

काका गेले. पट्टे राहिले आणि त्यांचं कारण फक्त मला आणि काकूला ठाऊक राहिलं. मुलगा सामानाची गाडी चालवतो, सून शाळेच्या वाचनालयात काम करते. दोघंही सकाळी बाहेर पडतात ती संध्याकाळी येतात. त्यांना वाटायचं, आई अगदी ठणठणीत आहे.

सून मनाने फार चांगली. तिची एकच खोड, काही चांगलं करायचं तर समोरच्याला चकित करून करायचं. जुन्या घरांना नवं रूप देणारा तो टीव्हीवरचा कार्यक्रम तिला फार आवडायचा. तिने गुपचूप अर्ज भरला. अर्जात एक रकाना होता: घरात वयस्कर कोणी आहे का, त्यांना काही अडचण? माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून तिने अभिमानाने लिहिलं, 'सासूबाई आहेत. काहीच अडचण नाही. आमच्यापेक्षा त्याच जास्त पळतात.' अर्ज पाठवून झाल्यावर तिने ते घरात वाचून दाखवलं तेव्हा काकू हसली. तेव्हाच बोलली असती तर! पण नाही बोलली.

घर निवडलं गेलं. कार्यक्रमाचा नियम असा की तीन आठवडे घरच्यांनी फिरकायचं नाही आणि काय होणार ते विचारायचं नाही. का, तर शेवटी चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं दिसायला हवं. म्हणजे ज्यांचं घर त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं.

कानावर पेन्सिल खोचलेला एक सडपातळ सजावटकार आला. आधी पाचव्या पायरीवर ठेचकाळला, मग पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "हे काय भयंकर आहे?" दोन दिवस माझ्या अंगावर यंत्र फिरत होतं. काकांचा पिवळा रंग भुकटी होऊन उडाला. झाडूने गोळा करून तो पोत्यात भरला. मला रडता येत नाही, पण मला फार वाईट वाटलं. मग माझ्यावर राखाडी थर दिला, वरपासून खालपर्यंत एकच रंग. "कॅमेऱ्यात ओघळ उतरल्यासारखा दिसला पाहिजे," सजावटकार म्हणाला. कठडा काढला आणि तिथे काच बसवली. इतकी स्वच्छ काच की आहे की नाही तेच कळू नये.

दिसायला मी सुंदर दिसत होतो, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी आरशासमोर उभं केलं असतं तर मीही हरखलो असतो.

तो दिवस आला. सूत्रसंचालिका बाई काकूच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायला उभी. काकूने तिच्यासाठी स्वेटर विणून आणला होता आणि तिने तो लगेच अंगात घातला. एक बाही काळी होती, दुसरी गडद निळी. "कित्ती वेगळा विचार केलाय," बाई म्हणाली. काकूने मान हलवली. दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या आहेत, असं तिला वाटत होतं.

पट्टी सुटली. काकू माझ्यासमोर उभी राहिली. तिला एक राखाडी धूसर भिंत दिसत असणार, दुसरं काही नाही. तिने पाऊल पुढे केलं, मागे घेतलं. कठड्याकडे हात नेला, तो काचेवर आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती खाली वाकली आणि माझ्या दुसऱ्या पायरीवरून तळहात फिरवायला लागली, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती कड शोधत होती. मी तिला कसं सांगणार होतो, इथे आहे, इथे?

"शब्दच सुचत नाहीयेत त्यांना," बाई म्हणाली. तिचेही डोळे भरले. मागून संगीत आलं.

भाग टीव्हीवर लागला आणि मतांचा पाऊस पडला. सून रोज संध्याकाळी माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून मोबाईलवरून मोठ्याने वाचायची. 'आजींनी घराला हात लावला तेव्हा मी ढसाढसा रडले.' 'ते पिवळे पट्टे गेले ते बरं झालं, कोणत्या अडाण्याने मारले होते?' 'दोन रंगी बाह्यांचा स्वेटर कुठे मिळेल?' एकाने तर माझ्या पायऱ्या मोजून तेरा सांगितल्या आणि चौदा म्हणणाऱ्याशी दोन दिवस भांडला. मी चौदाच आहे.

अडाण्याचं वाचलं तेव्हा काकू उठून स्वयंपाकघरात गेली.

मग दुसरी मतं यायला लागली. 'म्हातारी खूश दिसली नाही.' 'काहींना कितीही करा, तोंड वाकडंच.' सुनेचा चेहरा पडला. कारण तोवर काकूने वर जाणंच सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची. मुलाने वरची लोकर गोण्यांत भरून खाली आणली. सगळे रंग एकात एक. काकू गोण्यांशेजारी बसून राहायची. सुया हातात, विणकाम शून्य. एकदा विणायला घेतलं आणि अर्ध्यात उसवून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सुनेला राहवलं नाही. "आई, तुम्हाला आवडलं नाही ना घर? लोकांनासुद्धा दिसलं ते. मी एवढ्या हौसेने केलं. मला निदान तोंडावर तरी सांगा."

"तसं नाही गं."

"मग वर का जात नाही? गुडघ्यांचं सांगू नका. बाजारात तर माझ्यापुढे चालता."

सून उठली, माझ्यावर येऊन बसली आणि रागारागात मोबाईल उघडला. चांगलं काहीतरी सापडेल आणि सासूला ऐकवता येईल, अशी तिची आशा असावी. एका बाईंचं लांबलचक मत होतं. तिने मोठ्याने वाचायला घेतलं.

'मी बत्तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारायचं काम केलं. दारातून आत येताना माणूस पाऊल कसं टाकतो, ते बघून मला कळायचं याला किती दिसतं. तुम्ही सगळे म्हणताय त्या बाई भारावून गेल्या. मी तो तुकडा चारदा पाहिला. त्या भारावल्या नव्हत्या. त्या पायरी शोधत होत्या. त्यांनी…'

सून वाचता वाचता थांबली.

"वाच ना पुढे," काकू म्हणाली.

'त्यांनी स्वेटरला एक काळी आणि एक निळी बाही लावली, ती हौसेने नसावी. जुन्या जिन्यावर पिवळे पट्टे ज्याने मारले तो अडाणी नव्हता. त्या घरात कोणीतरी या बाईंना नीट बघत होतं. आता कोण बघतंय?'

सून रडायला लागली आणि आधी काकूच घाबरली. "अगं, तू कशाला रडतेस? मीच नाही सांगितलं. तुम्ही मला खुर्चीत बसवाल, म्हणून भ्याले." आणि मग तिने सगळं सांगितलं. तिच्या आईचं, फुटलेल्या कपाचं, काकांच्या रंगाचं. इतकी वर्षं काकूने आणि मी सांभाळलेलं गुपित चहा गार होईपर्यंत सांगून झालं. मला किती हलकं वाटलं, काय सांगू.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. ते ऐकून मुलगा दोन दिवस नुसता चिडचिडत होता. आईवर रागावला होता की स्वतःवर, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मग त्याने काच उतरवली. "पिवळा रंग आणू, आई?" त्याने विचारलं. काकू म्हणाली, "आता पिवळाही पुसट दिसतो रे. मला धरायला काहीतरी दे." त्याने दोन्ही बाजूंना लाकडी कठडे बसवले. काकूने जाड लोकरीचं आवरण विणून त्यांवर चढवलं आणि प्रत्येक पायरीपाशी एक गाठ ठेवली. गाठ हाताला लागली की पाऊल टाकायचं.

कार्यक्रमवाल्यांनी 'आता घर कसं आहे' म्हणून फोटो मागितला. सुनेने माझा पाठवला. पुन्हा मतं आली. 'एवढ्या सुंदर जिन्याची वाट लावली.' 'कठड्याला स्वेटर? हसू येतंय.' सून ती वाचून दाखवते आणि सासू-सुना दोघीही हसतात.

आता माझी अवस्था म्हणाल तर मी ना धड जुना, ना धड नवा. राखाडी थर पावलांनी मधोमध झिजायला लागलाय. संध्याकाळी सून कामावरून आली की दोघी वर असतात. गोण्यांतली लोकर परत कप्प्यांत गेलीय. सून गुंडे एकेक करून हातात देते.

"हा कोणता?"

"निळा, आई. गडद."

"नक्की? काळा नाही ना?"

"मी बघते ना. तुम्ही विणा."

काल हे ऐकलं आणि वाटलं, आता हिला कुणी खुर्चीत बसवणार नाही.

तुम्हा बघणाऱ्यांवर माझा राग नाही. तुमच्यातल्याच एकीने हे घर वाचवलं. मत जरूर द्या, मला दवाखान्याचा जिना म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त जिन्याकडे बघून झालं की समोर उभ्या असलेल्या माणसाकडेही जरा वेळ बघा. तुमच्या घरातल्या माणसाकडे तर आधी बघा.

चला, पुरे झालं. वर दार उघडलंय. काकू उतरतेय, आणि एका हातात चहाचा कप आहे. आता मला बोलायला फुरसत नाही.